अर्चिनच्या दोनपेशी भ्रूणाचे ब्लास्टोमिअर वेगळे करताना कुठे माशी शिंकते

प्रश्न थोडक्यात असा: अर्चिनच्या (समुद्रतळावरच्या गोल, काटेरी प्राण्याच्या) अंड्यांचं फलन नव्वद टक्क्यांच्या पुढे होतं, पहिलं विदलनही (अंड्याचं पेशींत विभागणं) वेळेवर येतं. पण दोनपेशी अवस्थेत ब्लास्टोमिअर (विदलनातून झालेल्या पेशी) वेगळे करायला गेलं की एकतर ते सुटतच नाहीत, किंवा सुटतात आणि तासाभरात फुटतात. जे थोडे तगतात ते गॅस्ट्रुला (आतडं आत वळू लागलेला भ्रूण) होण्याआधीच पेशींचा सैल ढीग होऊन तळाशी पडतात. भ्रूणशास्त्रज्ञ हान्स ड्रीशने १८९१ साली नुसती नळी हलवून दोन पेशी सुट्या केल्या आणि एकेकीपासून पूर्ण अळी मिळवली; ते आज कॅल्शियमविरहित पाणी हाताशी असताना का साधू नये?

साधतं. ही तीन लक्षणं एकाच बिघाडाची नाहीत. न सुटणं हा फलन-आवरणाचा (फलनानंतर अंड्याभोवती उचललं जाणारं पटल) आणि हायलिन थराचा (पेशींना बाहेरून धरून ठेवणारा थर) प्रश्न आहे. फुटणं बहुधा हाताळणीमुळे होतं, म्हणजे हवेचा पृष्ठभाग, पिपेटचं तोंड किंवा काचेवरचा साबण. आणि ढीग होण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: भ्रूण कॅल्शियमविरहित पाण्यात गरजेपेक्षा जास्त वेळ राहिला. तिन्हींचा निकाल बराचसा पहिल्या विदलनाच्या आधीच्या तासात लागलेला असतो, म्हणून तिथूनच सुरुवात करू. (ड्रीशच्या पद्धतीत असंख्य अंडी मरत आणि थोडीच हाती लागत. त्याच्याशी बरोबरी करायची असेल तर आजही नळी हलवायला हरकत नाही. कॅल्शियम काढून पेशी सुट्या करण्याची युक्ती कुर्ट हर्ब्स्टने १९०० साली दाखवली आणि तेव्हापासून नळी हलवण्याचं कारण उरलं नाही.)

अंडी

अर्चिनची अंडी प्राण्याच्या अंडाशयातच अर्धसूत्री विभाजन पूर्ण करून बाहेर येतात. त्यामुळे नीट पिकलेल्या अंड्यात एक लहान, स्वच्छ गोल केंद्रक दिसतं. त्याऐवजी मोठं, फुग्यासारखं केंद्रक आणि त्यात ठळक केंद्रिका दिसली तर ती अपक्व अंडपेशी आहे. तिच्यात अनेक शुक्राणू शिरतात आणि ती पुढे काही करत नाही. काचपट्टीवर अशा अंडपेशी शेकडा पाचपेक्षा जास्त दिसल्या तर त्या मादीची अंडी बाजूला ठेवा आणि दुसरी मादी घ्या. हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी हे हमखास होतं.

अंडी मिळवायला तोंडाभोवतीच्या मऊ पडद्यातून ०.५ मोलर पोटॅशियम क्लोराइड टोचायचं (१०० मिलिलिटरला ३.७३ ग्रॅम). लहान प्राण्याला अर्धा ते एक मिलिलिटर, मोठ्याला दोनपर्यंत, दोन-तीन ठिकाणी विभागून. मादी असेल तर तिला काठोकाठ समुद्रपाणी भरलेल्या बीकरवर उलटी ठेवा, जननरंध्रं पाण्यात बुडलेली राहिली पाहिजेत. नराचे शुक्राणू मात्र पाणी न लावता, कोरडेच, पिपेटने उचलून बर्फावर ठेवायचे. पाणी लागलं की ते पोहू लागतात आणि वीसएक मिनिटांत त्यांचा दम संपतो. कोरडे असताना ते थंडीत दिवसभर सहज टिकतात.

अंडी जाळीतून गाळून काटे आणि विष्ठा काढा, मग आपोआप तळाशी बसू द्या आणि वरचं पाणी दोन-तीनदा बदला. सुई टोचल्यावर देहगुहेतला द्रव बाहेर आला असेल तर हे धुणं टाळू नका, कारण तो द्रव फलनात अडथळा आणतो. सेंट्रिफ्यूजची गरज नाही.

काचसामानाबद्दल एकच गोष्ट, पण ती न पाळल्याने अख्खे हंगाम वाया जातात. ज्या काचेला कधी साबण, फॉर्मॅलिन किंवा कोणताही स्थिरक (ऊती टिकवण्याचं रसायन) लागला असेल ती या कामाला घेऊ नये, कितीही विसळली तरी. भ्रूणांसाठी वेगळा संच ठेवा आणि तो फक्त ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा. फलनावर याचा परिणाम दिसत नाही. दिसतो तो उघड्या ब्लास्टोमिअरवर, आणि मग दोष वेगळं करण्याच्या पद्धतीला दिला जातो.

पाणी

कृत्रिम समुद्रपाण्याचं अमेरिकेतल्या वूड्स होलच्या सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत रूढ असलेलं प्रमाण उत्तम चालतं. एका लिटरला सोडियम क्लोराइड २४.७२ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.६७, कॅल्शियम क्लोराइड (दोन रेणू पाण्याचं) १.३६, मॅग्नेशियम क्लोराइड (सहा रेणू पाण्याचं) ४.६६, मॅग्नेशियम सल्फेट (सात रेणू पाण्याचं) ६.२९ आणि सोडियम बायकार्बोनेट ०.१८ ग्रॅम. बायकार्बोनेट सगळ्यात शेवटी, पाणी जवळजवळ लिटरभर झाल्यावर घाला. आधी घातलं तर कॅल्शियमबरोबर साका धरतो. सामू ८.० ते ८.२. सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने टाका. घाई केली तर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा पांढरा ढग दिसेल.

कॅल्शियमविरहित पाण्यात कॅल्शियम क्लोराइड वगळायचं आणि परासरण दाब राखण्यासाठी सोडियम क्लोराइड २५.५२ ग्रॅमपर्यंत वाढवायचं. बाकी सगळं तेच. मॅग्नेशियम कमी करू नका. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही नसलेलं पाणी पेशी सुट्या करायला जास्त जोरदार असतं खरं, पण ते ऊतींचे तुकडे करायला ठीक. दोनपेशी भ्रूणाला त्याची गरज नाही आणि ते सोसतही नाही.

इथे एक हिशेब बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. एक मिलिलिटर समुद्रपाण्यातली अंडी ५० मिलिलिटर कॅल्शियमविरहित पाण्यात ओतली तर त्या पाण्यात अजून सुमारे ०.१८ मिलिमोलर कॅल्शियम असतं. हायलिन थर सैल होतो, पण पुरता विरघळत नाही. अंडी बसू देऊन दुसऱ्यांदा पाणी बदललं की कॅल्शियम आणखी पन्नासपटीने उतरतं आणि काम होतं. म्हणजे ‘कॅल्शियमविरहित पाण्यात ठेवलं तरी सुटत नाहीत’ या तक्रारीचा अर्धा उपाय दुसरं धुणं हा आहे. तरी भागलं नाही तर त्या पाण्यात ईजीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन) १ मिलिमोलर घाला. ईजीटीए आम्लधर्मी पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याचा १०० मिलिमोलरचा साठा सोडियम हायड्रॉक्साइड घालून सामू ८ वर करून ठेवायचा आणि लिटरला त्यातले १० मिलिलिटर वापरायचे. घातल्यावर सामू पुन्हा तपासा.

फलन

कोरडे शुक्राणू आधी पाण्यात हजारपट विरळ करा आणि त्यातले काही थेंब अंड्यांच्या पातळ थरावर टाका. एकूण विरळपणा दहा हजारपटीच्या आसपास आला की पुरे. जितके जास्त शुक्राणू तितकं फलन चांगलं, हा समज इथे महागात पडतो. अंड्याच्या पटलाचं विभव फलनानंतर दोन-तीन सेकंदांत ऋणाकडून धनाकडे झुकतं आणि दुसऱ्या शुक्राणूला अडवतं, पण हा अडथळा कच्चा असतो. पक्का अडथळा म्हणजे वर उचललं जाणारं आवरण, आणि त्याला मिनिटभर लागतं. मधल्या वेळात शुक्राणूंची गर्दी असेल तर दोन शिरतात.

दोन शुक्राणू शिरलेलं अंडं ओळखायला सोपं असतं: ते पहिल्याच विदलनात एकदम चार पेशींत, क्वचित तीन पेशींत विभागतं. त्यांच्यात गुणसूत्रं वेडीवाकडी वाटली जातात. थिओडोर बोव्हेरीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच भ्रूणांवरून दाखवून दिलं की गुणसूत्रं एकमेकांच्या जागी चालत नाहीत, नीट वाढीला पूर्ण संच लागतो. तुमच्या प्रयोगाच्या दृष्टीने हे भ्रूण विष आहेत, कारण त्यांच्या सुट्या केलेल्या पेशी मरतात आणि दोष वेगळं करण्यावर येतो. विदलनाच्या वेळी पहिले शंभर भ्रूण मोजा. एकदम चार झालेले दोन-तीनपेक्षा जास्त असतील तर ती तुकडी टाकून द्या आणि पुढच्या वेळी शुक्राणू आणखी विरळ करा.

आवरण

खरं घोडं पेंड खातं ते इथे. शुक्राणू लागल्यावर वीस-तीस सेकंदांत अंड्याच्या कडेच्या हजारो कणिका फुटतात, पीतक थर (अंड्याला चिकटलेलं बाहेरचं पातळ पटल) पृष्ठभागापासून सुटून वर येतो आणि दीड मिनिटाच्या आत अंड्याभोवती स्वच्छ पोकळी असलेलं फलन-आवरण तयार होतं. कणिकांमधूनच ओव्होपेरॉक्सिडेज हे विकर (एन्झाइम) बाहेर येतं आणि आवरणातल्या प्रथिनांमधल्या टायरोसीन या अमिनो आम्लाच्या अवशेषांना एकमेकांशी जोडत जातं. काही मिनिटांत आवरण इतकं चिवट होतं की पिपेटने, हलवून, जाळीने, कशानेही निघत नाही. आत दोन ब्लास्टोमिअर सुटे झाले तरी ते त्या पिशवीत शेजारीशेजारी राहतात आणि कॅल्शियम मिळताच पुन्हा चिकटतात. ‘सुटत नाहीत’ असं जे दिसतं ते बऱ्याचदा हेच असतं: सुटलेले आहेत, पण डांबलेले.

म्हणून विकराला आधीच रोखायचं. पॅरा-अमिनोबेन्झोइक आम्ल, बोलण्यात पाबा, १० मिलिमोलर. सोडियम लवण घेतलंत तर १०० मिलिलिटर समुद्रपाण्याला ०.१५९ ग्रॅम. शुद्ध आम्ल घेतलंत तर ०.१३७ ग्रॅम आणि सामू पुन्हा ८ वर आणणं अनिवार्य, नाहीतर आम्लामुळे फलनच बिघडतं. द्रावण प्रकाशात पिवळं पडत जातं, तेव्हा त्याच दिवशी करा आणि झाकून ठेवा. आदल्या आठवड्यातलं पिवळसर पाबा वापरून आवरण कडक झालं तर नवल नाही. दुसरा पर्याय ३-अमिनो-१,२,४-ट्रायाझोल, १ मिलिमोलर, म्हणजे लिटरला ८४ मिलिग्रॅम. तो चांगला चालतो, पण विषारी आहे, हातमोजे घाला. अंडी शुक्राणू टाकण्यापूर्वीच या पाण्यात असली पाहिजेत. फलन झाल्यावर पाबा घालणं म्हणजे वेळ निघून गेल्यावर धावणं.

आवरण पूर्ण उचललं गेलं की, फलनानंतर तीन ते पाच मिनिटांनी, अंडी नायलॉनच्या जाळीतून घालवायची. जाळीचं छिद्र अंड्याच्या व्यासाच्या सुमारे तीन-चतुर्थांश ते ऐंशी टक्के असावं. स्ट्राँगायलोसेन्ट्रोटस पर्प्युरेटस या जातीचं अंडं ८० मायक्रोमीटरचं असतं, त्याला ६० ते ६५ची जाळी. लायटेकायनस व्हेरिगेटसचं १००च्या आसपास, त्याला ७५ ते ८०. अंडं लवचीक असल्याने चेपून पलीकडे जातं, मऊ आवरण मागे फाटून राहतं. जाळी आणखी बारीक घेतली तर अंडीच तुटतात. तुटलेल्या तुकड्यांपैकी केंद्रक असलेले तुकडे गोल होऊन मजेत विभागतात आणि पुढे ‘अर्ध्या आकाराचे भ्रूण’ म्हणून तुमच्या मोजणीत घुसतात. हा घोटाळा कुठल्याही मृत्यूपेक्षा वाईट, कारण तो यशासारखा दिसतो.

जाळी पूर्ण बुडलेली ठेवा. हे वाक्य पुन्हा वाचा. उघडं अंडं हवेच्या पृष्ठभागाला टेकलं की पृष्ठताणाने तत्क्षणी फुटतं. जाळी बीकरच्या वर धरून वरून अंडी ओतणं, पिपेटमधून थेंब थेंब पाण्यावर सोडणं, प्लेट तिरकी करून कडेला कोरडी पडू देणं, या सगळ्यांत आवरण असलेली अंडी तगतात आणि उघडी मरतात. जाळी लावलेली नळी पाण्यात उभी करा, अंडी नळीत पाण्याखाली सोडा, आणि नळी हळूच वर-खाली करून पाणी आपल्या वजनाने जाऊ द्या. पिपेटचं टोक नेहमी पाण्याखाली उघडा.

मग लगेच एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. आवरण असलेल्या अंड्यांमध्ये एकमेकांत अंतर राहतं, कारण प्रत्येकाभोवती पोकळी असते. उघडी अंडी एकमेकांना थेट टेकतात. शंभरातली ऐंशी उघडी नसतील तर पुढे जाऊ नका, नवीन फलन करा. ते अर्ध्या तासाचं काम आहे, आणि अर्धवट तुकडी घेऊन बसण्यात अख्खा दिवस जातो.

पाबा दोनदा साधं समुद्रपाणी बदलून काढून टाका आणि अंडी विरळ पसरा, तळाचा दहावा भागसुद्धा भरता कामा नये. आता ती चिकट आहेत. फलनानंतर पाच-दहा मिनिटांत पृष्ठभागावर हायलिनचा थर धरतो आणि शेजारच्या अंड्यांचे थर एकमेकांत मिसळतात. दाट ठेवली तर सकाळी दोन अंड्यांची मिळून झालेली एक मोठी ब्लास्टुलाही (पोकळ गोळ्याच्या अवस्थेतला भ्रूण) सापडेल. ती पाहण्यासारखी असते, पण आजचा विषय तो नाही. प्लेटच्या तळाला समुद्रपाण्यात केलेल्या १ टक्का अगारोज जेलचा पातळ लेप द्या, नाहीतर उघड्या पेशी काचेला आणि प्लास्टिकला बसतात आणि उचलताना फाटतात.

काही जण डायथायोथ्रायटॉलने (१० मिलिमोलर, सामू ९.१, काही मिनिटं) पीतक थर फलनाच्या आधीच बिघडवून टाकतात, म्हणजे आवरण उचललंच जात नाही. ते चालतं, पण पक्का अडथळाच जातो, त्यामुळे शुक्राणूंचं प्रमाण फार काटेकोर ठेवावं लागतं. दोन शुक्राणूंच्या भ्रूणांबद्दल वर जे लिहिलं ते पाहता, ज्याला अजून शुक्राणू विरळ करण्याचा अंदाज बसलेला नाही त्याने पाबाच वापरावा.

कॅल्शियम कधी काढायचं

घड्याळ लावून काढू नका, केंद्रक पाहून काढा. पर्प्युरेटसमध्ये १५ अंश सेल्सिअसला पहिलं विदलन दीड तासाच्या आसपास येतं, व्हेरिगेटसमध्ये २३ ते २५ अंशांना तासाभरात, पण पाणी दोन अंशांनी इकडेतिकडे असलं की हे आकडे सरकतात. अंड्याच्या मध्याजवळ दिसणारं स्वच्छ गोल केंद्रक अचानक पुसट होऊन दिसेनासं होतं, कारण केंद्रकपटल मोडून पेशी विभाजनात शिरलेली असते. तिथून विदलनाला साधारण वीस-पंचवीस मिनिटं असतात. बहुतेक अंड्यांतलं केंद्रक गेलं की कॅल्शियमविरहित पाण्यात घाला आणि दोनदा धुवा. आर्बेशियासारख्या गडद रंगाच्या अंड्यांत केंद्रक नीट दिसत नाही. या कामाला पारदर्शक अंड्याची जात घेतलेली बरी, लायटेकायनस मिळाली तर उत्तमच.

याहून आधी, आवरण काढल्याकाढल्या कॅल्शियम काढलं तरी विदलन होतं, आणि तसं करणारेही आहेत. पण मग अंडी तासभर हायलिनशिवाय राहतात आणि नाजूक होतात. उशिरा काढणं जास्त भरवशाचं.

खाच पडली की लगेच वेगळं करायला जाऊ नका. खाच पूर्ण झाल्यासारखी दिसते तेव्हाही मध्ये पेशीद्रवाचा पूल असतो. तेव्हा ओढलं तर पूल तुटून दोन्ही पेशी फुटतात, किंवा त्या परत एक होऊन दोन केंद्रकांची एकच पेशी उरते. पाच ते दहा मिनिटं थांबा. नेहमीच्या समुद्रपाण्यात या वेळी दोन पेशी एकमेकींवर दाबल्या जाऊन सपाट होतात. कॅल्शियमविरहित पाण्यात मात्र त्या पूर्ण गोल राहतात आणि एका बिंदूला टेकलेल्या दोन गोळ्या दिसतात. ही खूण दिसली की वेळ झाली. गोळ्यांऐवजी अजून अर्धगोल दिसत असतील तर कॅल्शियम उरलं आहे, आणखी एकदा धुवा.

वेगळं करणं

घाऊक पद्धतीत, अंड्याच्या व्यासापेक्षा थोडं मोठं तोंड असलेल्या, ज्योतीवर कडा गुळगुळीत केलेल्या पिपेटमधून भ्रूण दोन-तीनदा हळू आत-बाहेर केले की बहुतेक जोड्या सुटतात. हे दाखवण्यापुरतं ठीक. पण ड्रीशचा प्रयोग पुन्हा करायचा म्हणताना नेमकं काय सिद्ध करायचं ते आधी ठरवा. ढिगातून अर्ध्या आकाराच्या शंभर अळ्या मिळाल्या तर एवढंच कळतं की काही अर्ध्या पेशींतून पूर्ण अळी होते. प्रत्येक अंड्याची एकच ठरावीक बाजू असं करू शकते आणि दुसरी मरते, हा आक्षेप तसाच राहतो. तो खोडायला एकाच अंड्याची दोन्ही अर्धी शेजारीशेजारी वाढवून दोन्हींतून अळी झालेली दाखवावी लागते.

तेव्हा जोड्या सांभाळा. दोनपेशी भ्रूण एकेक करून बारीक पिपेटने अगारोज लावलेल्या खाचेत न्या, प्रत्येक खाचेत एकच. खाचेत कॅल्शियमविरहित पाणी. तिथेच काचेच्या सुईने किंवा पिपेटच्या हलक्या फुंकरीने दोन पेशी वेगळ्या करा आणि निदान अंड्याच्या दोन-तीन व्यासांइतकं अंतर पडेल असं पाहा. मगच कॅल्शियम असलेलं पाणी घाला. शेजारी असताना कॅल्शियम दिलं तर त्या पुन्हा जुळतात आणि तुम्हाला वाटतं की एक मेली, एक पूर्ण वाढली.

वेगळं केल्यापासून नेहमीच्या पाण्यात परत जायला दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त लावू नका. हा तो ढीग होण्याचा प्रश्न. पुढचं विदलन कॅल्शियमविरहित पाण्यात झालं तर मुलीपेशीही एकमेकींपासून सुटतात, त्यांच्याही तशाच. काही तासांनी खाचेत ब्लास्टुला नसते, सुट्या जिवंत पेशींचा सडा असतो. पेशी मेलेल्या नसतात, त्या फक्त धरून ठेवणारा थरच त्यांच्याजवळ नसतो. खाचेतलं पाणी एकदा बदलून भागत नाही, विशेषतः ईजीटीए वापरलं असेल तर. ते कॅल्शियम पकडून ठेवतं, म्हणून तीनदा बदला.

पुढे काय दिसायला हवं

पहिले काही तास अर्धा भ्रूण बिघडल्यासारखा दिसतो, तो बिघडलेला नसतो. पूर्ण भ्रूण सोळापेशी होतो तेव्हा त्यात वर आठ मध्यम पेशी (मेसोमिअर), खाली चार मोठ्या (मॅक्रोमिअर) आणि चार लहान (माइक्रोमिअर) असतात. त्याच वेळी तुमचा अर्धा भ्रूण आठपेशी असतो आणि त्यात चार, दोन, दोन अशी बरोबर अर्धी मांडणी असते. तो अर्ध्या वाटीसारखा एका बाजूने उघडा असतो. म्हणजे विदलन अर्ध्याचंच चालतं. ब्लास्टुला होईपर्यंत कडा जुळून वाटी मिटते आणि मग पूर्ण पण लहान गोल तयार होतो. उघड्या वाट्या पाहून तुकडी फेकून दिली जाते, तेव्हा दुसऱ्या सकाळपर्यंत हात लावू नका.

आकारमान निम्मं झालं की व्यास निम्मा होत नाही, ०.७९ पट होतो. ८० मायक्रोमीटरच्या अंड्याचा अर्धा ब्लास्टोमिअर ६३ मायक्रोमीटरचा हवा, चौपेशी अवस्थेतून काढलेला एक ५०चा. सुटल्यावर लगेच मोजा. ४० किंवा ७० भरला तर तो तुटलेल्या अंड्याचा तुकडा किंवा असमान विभागणी, मोजणीतून काढा. गॅस्ट्रुलाच्या आधी पोकळीत उतरणाऱ्या प्राथमिक मध्यस्तर पेशीही अर्ध्या भ्रूणात सुमारे निम्म्याच असतात. ही संख्या मोजली तर ‘हा भ्रूण खरोखर अर्ध्या अंड्याचा आहे’ याचा आणखी एक पुरावा हातात राहतो.

१५ अंशांना पर्प्युरेटसचे सोबतचे पूर्ण भ्रूण अठरा-वीस तासांनी आवरणातून बाहेर पडतात. तुमच्यांना आवरणच नाही, ते त्याच सुमाराला पापण्यांनी (पृष्ठभागावरच्या हलत्या बारीक केसांनी) फिरू लागतात. आद्यांत्र (आतड्याची सुरुवात) आत वळणं दीड ते दोन दिवसांत, प्लुटिअस अळी तिसऱ्या दिवशी. अर्धे थोडे मागे राहतात, त्याची काळजी नको. तापमान १७-१८ अंशांच्या वर गेलं तर मात्र करा. लहान खाचेतलं पाणी उडून क्षारता वाढते, हा मरण्याचा आणखी एक छुपा मार्ग: प्लेट झाकून ओलसर डब्यात ठेवा. पाणी ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळलेलं, आणि हवं तर त्यात पेनिसिलिन १०० एकक व स्ट्रेप्टोमायसिन ५० मायक्रोग्रॅम प्रत्येक मिलिलिटरला.

सोबत दोन तुलनागट हवेतच. एक, आवरण काढलेले आणि कॅल्शियमविरहित पाण्यातून गेलेले पण वेगळे न केलेले भ्रूण. दुसरा, कशालाच हात न लावलेले. पहिला गट मेला आणि दुसरा जगला तर वेगळं करण्याला दोष देऊ नका, पाबा, जाळी आणि पाणी तपासा. दोन्ही मेले तर अंडी किंवा काच. निकाल लिहिताना जोडीनुसार लिहा: दोन्ही अळ्या, एक अळी, एकही नाही.

हे जमलं की तीच कृती आठपेशी अवस्थेत करून पाहा, कारण ड्रीशच्या निष्कर्षाची मर्यादा तिथे दिसते. पहिली दोन विदलनं ध्रुवापासून ध्रुवापर्यंत उभी असतात, त्यामुळे पहिल्या चारही पेशींना वरचा आणि खालचा दोन्ही भाग मिळतो. तिसरं विदलन आडवं. स्वेन हॉर्स्टाडियसने १९३०च्या दशकात काचेच्या सुयांनी वरच्या चार पेशी खालच्या चारांपासून वेगळ्या केल्या, तेव्हा वरच्यांतून लांब पापण्यांचा, आतडं नसलेला पोकळ गोळा झाला आणि तो तसाच राहिला. खालच्यांतून आतडं असलेली, बऱ्याचदा ठीकठाक अळी झाली. वरच्या अर्ध्यात माइक्रोमिअर कलम केले तर मात्र त्यातही आतडं येतं. तुमच्या खाचांत अशी पापण्यांची पोकळ ब्लास्टुला तिसऱ्या दिवशीही तशीच फिरताना आढळली आणि तुम्ही दोनपेशी अवस्थेतच वेगळं केलं होतं अशी खात्री असेल, तर विषबाधेचा विचार करण्याआधी पहिली शंका घ्या ती वेळेची. तुकडीतले काही भ्रूण पुढे गेलेले होते आणि तुम्ही आठपेशी भ्रूणाचा वरचा भाग उचललात.